रेणूच्या लघवीसाठी नागपूर

नागपूरला जाणारे लोक सहसा काहीतरी बघून येतात. कोणी तलाव बघतो, कोणी मेट्रोत बसून येतो, कोणी मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर वर-खाली करून येतो. आम्ही मार्च महिन्यात बरेच दिवस नागपुरात राहिलो आणि एका पाच वर्षांच्या मुलीची लघवी बघून आलो. परत आल्यावर गावात लोकांनी विचारले, ‘काय पाह्यलं गा नागपुरात?’ मी खरे ते सांगितले. त्यांना वाटले मास्तर थट्टा करतो. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. ज्यांना या कारणासाठी अजून जावे लागलेले नाही त्यांनी वाचावे, आणि शक्यतो जाऊ नये.

रेणू ही माझ्या धाकट्या बहिणीची, वर्षाची मुलगी. वर्षाचे सासर आमच्याच गावात, वैनगंगेच्या काठी. मी तिथल्याच शाळेत मराठी शिकवतो. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पहिला पदवीधर मी. ज्या गुरुजींनी मला शिकवले त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत. पण पदवीधर झाल्यामुळे काय काय गळ्यात पडते हे त्यांनी सांगितले नव्हते. घरात कुणाचा दाखला काढायचा असो, मोबाईल बंद पडलेला असो की मूल आजारी असो, ‘भाऊले बोलवा, तो शिकलेला हाये.’

शेजारच्या एका साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, जेवण झाले आणि दुसऱ्या दिवशी रेणूला उलट्या-जुलाब सुरू झाले. तिच्या आजीने, म्हणजे वर्षाच्या सासूबाईंनी, ताबडतोब उपचार हाती घेतला. त्यांचे वैद्यकशास्त्र साधे आहे: नळ बंद केला की गळती थांबते. पाणी बंद. मीठ-साखरेचे पाणी तर मुळीच नाही, ‘त्यानं तं अजून सुटते.’ अंग तापले तेव्हा जावई, म्हणजे वर्षाचे यजमान, मेडिकलमध्ये जाऊन तापाचे ‘स्ट्राँगवालं’ औषध घेऊन आले. डॉक्टरकडे जायचा त्रास वाचला.

आणि उपचार लागू पडला! जुलाब थांबले, ताप उतरला. एवढेच नाही, दोन दिवसांत रेणूचे गाल भरले. डोळ्यांखाली, पावलांवर, सगळीकडे पोर गुबगुबीत दिसू लागली. शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या. ‘आजारपणानं कशी सुधारली वं पोरगी!’ आजारपणाने सुधारलेले मूल आमच्या गल्लीत पहिलेच. आजीबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा ही सुधारलेली पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि जोरजोराने श्वास घेत होती. मी खिशातून पेपरमिंट काढले. तिने बघितले आणि डोळे मिटले. रेणूने पेपरमिंट नाकारलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला पाहिले, पोट दाबून पाहिले, आणि एकच वाक्य बोलले, ‘आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या.’ गाडी निघताना आजीबाईंनी खिडकीतून शेवटची सूचना दिली, ‘रस्त्यानं पाणी देऊ नोका. पुन्हा सुरू होईन.’

सदर

उमरेड रस्त्याचे वर्णन मी करणार नाही. त्या रस्त्यावर झाडे होती असे जावई म्हणतात.

दवाखाना नागपूरच्या सदर भागात होता, लहान मुलांचा. तिथे मुलांच्या किडनीच्या एक डॉक्टर होत्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणत होतो. त्यांनी रेणूला बघता बघता विचारले, ‘शेवटची लघवी कधी केली?’



जावई पुढे सरसावले. ‘पहिल्या दिवशी संडास हिरवी होती मॅडम, मंग पाण्यावानी. वास असा…’

‘संडास नाही विचारत. लघवी.’

‘उलटी म्हणाल तं…’

‘लघवी, भाऊ.’

घरात तीन मोठी माणसे. रेणूने किती वेळा, कोणत्या रंगाची, कशाच्या वासाची संडास केली हे प्रत्येकाला पाठ होते. लघवीचे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. वर्षा हळूच म्हणाली, ‘काल नाही केली मॅडम. परवाचं… मले नाही आठवत.’

मॅडमनी रेणूच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. ‘हे बाळसं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘हे पाणी आहे. बाहेर जायला वाट नाही, म्हणून गालात येऊन बसलंय.’

मग तपासण्या झाल्या. रक्त काढले, सोनोग्राफी केली, छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, बारीक नळी घालून लघवी काढली. निघाली ती दोन-तीन चमचे, कोऱ्या चहासारखी. रिपोर्ट आल्यावर घरच्यांना बोलावले तेव्हा जावयांनी मला पुढे ढकलले, ‘भाऊ, तुम्ही शिकलेले, तुम्ही बोला.’ मराठी वाङ्मयात बी.ए. असल्यामुळे मूत्रपिंडाविषयी बोलण्याची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली.

मॅडमनी मात्र कुणालाही समजेल असे सांगितले. जुलाबाने अंगातले पाणी गेले. वरून प्यायला मिळाले नाही. किडनीकडे जाणारे रक्त कमी पडले. तेव्हाच मीठ-साखरेचे पाणी चमच्या-चमच्याने पाजले असते तर बहुधा तेवढ्यावर भागले असते. त्यात ते स्ट्राँगवाले औषध. ते कोरड्या पडलेल्या लेकराच्या किडनीचा उरलासुरला रक्तपुरवठाही आवळते. ‘जुलाबात मूल कोरडं पडलेलं असताना ताप आला तर साधं पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरला विचारून. हे नाही.’ आता किडनीने काम बंद केले होते. रक्तातला कचरा वाढला होता, आम्ल वाढले होते, म्हणून तो जोरजोराचा श्वास. आणि पोटॅशियम वाढले होते.

‘किडनी मेली का मॅडम?’ वर्षाने विचारले.

‘मेली नाही. मुलांची किडनी सहसा अशी मरत नाही. रुसलीय. ती परत कामाला लागेपर्यंत आपल्याला वेळ काढायचाय. तोवर पोटॅशियमनं हृदयाला दगा देऊ नये, एवढं बघायचं.’

आम्हाला वाटले आता सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लागतील. नागपूरला आलो कशाला मग? पण मॅडमनी तर पाणी मोजून द्यायला सांगितले. जितकी लघवी होईल तितके, वर घामाश्वासातून जाते तेवढे थोडे, बस. जास्त दिले तर ते फुप्फुसात जाऊन बसेल. म्हणजे घरी पाण्याची गरज होती तेव्हा पाणी बंद होते, आणि आता वर्षा हातात पेला घेऊन बसली होती तर पेला मोजका. शिवाय संत्रे नाही, केळे नाही, कसलाही ज्यूस नाही, नारळपाणी नाही. सगळ्यांत पोटॅशियम. मार्चचा महिना, दवाखान्याबाहेर हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग, अख्ख्या देशाला संत्री पुरवणारे गाव, आणि आमच्या पोरीला तेच तेवढे वर्ज्य.

सकाळी समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर शेव टाकतात. इथे पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात आणि आपल्या डोळ्यांतून पाणी आले की आणखी ओततात. खाणाऱ्यांपैकी निम्मे दवाखान्यातलेच नातेवाईक होते. त्या टपरीवर रडायचे असेल तर चांगली सोय आहे. कुणी कारण विचारत नाही.

हुडकेश्वर

झोपायला आम्ही हुडकेश्वरला काकाजींकडे जात होतो. काकाजी म्हणजे जावयांचे सख्खे काका, एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नव्या वस्तीत त्यांनी दुमजली घर बांधले आहे. काकूंनी पाटवडीचा रस्सा केला होता, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. काकाजींनी जेवताना जे सांगितले तेही.

‘पोरीच्या अंगात ताकद नाही गा,’ ते म्हणाले. ‘काय खायला देऊन राहिले तिले?’

मी मॅडमनी सांगितलेले सगळे सांगितले. नारळपाणी बंद म्हटल्यावर काकाजींचा घास थांबला.

‘नारळपाणी बंद? नारळपाणी काही खाणं हाये का? ते तं देवानं बनवलेलं सलाईन हाये!’

‘त्यात पोटॅशियम असते काकाजी.’

‘मास्तर, माझ्या नोकरीत मी साहेबलोकं लय पाह्यले. साहेब म्हणते ते ऐकाचं, आन करायचं ते करायचं.’

जावई खाली मान घालून भात कालवत होते. त्यांच्या घरात काकाजींसमोर बोलायची पद्धत नाही. मी पडलो मुलीकडचा. मुलीकडच्याने सासरच्या वडीलमाणसाला दोनदा तेच सांगायचे नसते. वर्षा तिकडे दवाखान्यात होती. अशा रीतीने सगळ्यांचा मान राखला गेला.

आपल्याकडे दवाखान्यात रिकाम्या हाताने जाता येत नाही. मोडलेल्या पायापासून मोतीबिंदूपर्यंत सगळ्यांना एकच औषध: नारळ. म्हणून तर दवाखान्याच्या दारात फुलवाला नसतो, नारळवाला असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत काकाजी आले. मी वर्षाला खाली जेवायला घेऊन गेलो होतो. आत जावई होते. काकाजींनी पिशवीतून छोटा थर्मास काढला, पुतण्याकडे एकदा पाहिले, आणि झाकणात ओतून पाजायला लागले. तहानेने कासावीस झालेल्या पोरीने सगळा थर्मास संपवला. काकाजींनी तिचे तोंड पुसले आणि म्हणाले, ‘पाह्य, कशी पेली! अंगाले पाह्यजेच होतं.’

त्या रात्रीपर्यंत मी रेणूच्या उशाशी असलेल्या पडद्याकडे फारसे पाहिले नव्हते. हृदयाची हिरवी रेघ तिथे सरकत असे, आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांसारखी, म्हणजे भातखाचरांसारखी, थोडा उंचवटा, थोडा सपाट. मी वर आलो तेव्हा त्या बांध्यांचे सुळके होऊ लागले होते. उंच, टोकदार, एकसारखे. प्रवासवर्णनात निसर्गसौंदर्य असावे लागते. या प्रवासातले निसर्गसौंदर्य एवढेच. सिस्टर धावली, मॅडमना फोन गेला, आणि आम्हाला बाहेर काढले.

दरवाजाच्या काचेतून दिसत होते. हातात कसलेतरी इंजेक्शन हळूहळू दिले, मग दुसरे, मग तोंडावर वाफेचा मुखवटा. मॅडम बाहेर आल्या. ‘पोटॅशियम एकदम चढलंय. काही खायला-प्यायला दिलंत?’

मी म्हणालो, नाही. जावई भिंतीकडे बघत होते. काकाजी पिशवीची दोरी गुंडाळत होते.

वर्षाने ती दोरी पाहिली. आमची वर्षा सासरी आल्यापासून काकाजींशी डोक्यावर पदर घेऊन, एका शब्दात बोलत आली होती. तो पदर खाली पडलेला तिला कळलाही नाही.

‘काकाजी, पिशवीत काय हाये?’

‘काही नाही वं…’

‘पिशवी इकडे द्या.’

तिने थर्मास काढला, उघडला, वास घेतला आणि मॅडमच्या हातात दिला. मग ती काकाजींना म्हणाली, ‘माहं लेकरू मेलं तं तुमचा मान घेऊन मी काय करू?’

 

मॅडम थर्मासकडे बघत म्हणाल्या, ‘पोटॅशियम चढतच होतं. कदाचित डायलिसिस लागलंच असतं. पण आता थांबता येणार नाही.’ त्यांनी असे म्हणायची गरज नव्हती, तरी म्हणाल्या. त्या ‘कदाचित’साठी मी त्यांचा ऋणी आहे. त्यावरच काकाजी पुढचे दिवस उभे राहू शकले.

डायलिसिस म्हटल्यावर मला मोठे यंत्र डोळ्यांसमोर आले. तसे काही नव्हते. रेणूच्या पोटात एक बारीक नळी बसवली. त्यातून औषधी पाणी पोटात सोडायचे, काही वेळ ठेवायचे, परत काढायचे, पुन्हा सोडायचे. पोटाच्या आतल्या पडद्याचीच चाळणी करायची. पाणी आत जाताना स्वच्छ असे, बाहेर येताना पिवळसर. सुळके हळूहळू पुन्हा बांध्या झाले. श्वास संथ झाला. गालांवरचे ‘बाळसे’ उतरले आणि आतून आमची जुनी, वाळकी रेणू बाहेर आली. तिने मला ओळखले आणि पेपरमिंट मागितले. मिळाले नाही, म्हणून तिने मला मारले. मी सगळ्यांना सांगत सुटलो, मारले, मारले!

लघवी मात्र नाही. आमच्या प्रवासाचे जे मुख्य प्रेक्षणीय स्थळ, ते अजून बंदच होते.

इतवारी

काकाजी आता आत येत नव्हते. ते वॉर्डाच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाची झडती घ्यायचे. आमच्याच नव्हे, कुणाच्याही. ‘पिशवीत काय हाये? संत्रं? डॉक्टरले इचारलं का? काहून नाही इचारलं?’ लोकांना ते दवाखान्याचे माणूस वाटत. एका बाईंचे केळे त्यांनी जप्त केले. त्यांच्या नातवाचा हात मोडला होता, त्याला केळे चालत होते. सुरक्षारक्षकाने तक्रार केली. काकाजी हटले नाहीत.

मग लघवीची नळी काढली. नळी फार दिवस ठेवली तर जंतू शिरतात. आता रेणूने स्वतः करायची आणि थेंब न् थेंब मोजायचा. पण दवाखान्यातले पसरट भांडे बघितले की ती किंचाळायची. वर्षा म्हणाली, ‘घरच्यासारखा लहान डबा असता तं बसली असती.’ काकाजी दारातूनच उठले. ‘मास्तर, चला इतवारीले.’

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी इतवारी पाहिली. हातगाड्या, टेम्पो, पोत्यांखालचे हमाल आणि त्यांच्यामधून काकाजी, हॉर्नवरचा अंगठा न काढता. भांड्यांच्या गल्लीत दुकानदार गादीवर बसला होता. काकाजींनी प्लास्टिकचे एक झाकणवाले भांडे उचलून उलटसुलट केले.

‘डझनाशिवाय नाही देत काकाजी, होलसेल हाये.’

‘एक पाह्यजे.’

‘कशाले पाह्यजे?’

‘लघवी मोजाले.’

‘मंग डझनच घ्या. एकदा वापरलेलं वापस नाही घेत मी.’

मला हसू आले. काकाजी हसले नाहीत. ते भांडे हातात धरून तिथेच उभे राहिले आणि त्यांचे तोंड वाकडे व्हायला लागले. ‘माही नात हाये गा. लघवी बंद हाये तिची. मीच नारळपाणी पाजलं.’  दुकानदाराने भांडे कागदात बांधले, नोकराला पाणी आणायला सांगितले, आणि पैसे घेताना एवढेच म्हणाला, ‘झाली की मले सांगाले या.’

भांडे गुलाबी होते. रेणूने त्याच्यावर बसायला हरकत घेतली नाही. ती बसली, उठली, बसली. काही नाही. दुसऱ्या दिवशी थोडी, चमच्याने मोजण्याइतकी. सिस्टर ती घेऊन गेली तेव्हा जावई तिच्या मागोमाग काचेपर्यंत गेले, मुलीची पाठवणी करावी तसे.

आणि एका सकाळी, आम्ही टपरीवर असताना, वर्षाचा फोन आला. ती हसत होती की रडत होती ते कळेना. मी धावत वर गेलो. काकाजी खुर्चीवर उभे होते आणि संपूर्ण मजल्याला ऐकू जाईल असे ओरडत होते, ‘झाली! भांडं भरून झाली!’ त्या मजल्यावर रोज जन्म-मरणाच्या बातम्या येतात. कुणी असे ओरडून सांगितलेले नव्हते. केळेवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी भांड्यात वाकून पाहिले, रक्त तपासायला सांगितले, आणि रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, ‘कचरा उतरायला लागला. डायलिसिस थांबवू.’ मग पुढचे सांगितले: आता उलटे होईल. जागी झालेली किडनी काही दिवस भरमसाट लघवी करेल, तेव्हा पाणी कमी पडू देऊ नका. बी.पी. आणि लघवीची तपासणी नंतरही करत राहायची, विसरायची नाही. संत्रे? रक्ताचा रिपोर्ट बघून सांगते. सुट्टी मिळाली त्या दिवशी दोन फोडींना परवानगी मिळाली. काकाजींनी संत्रे सोलले, शिरा काढल्या, बिया काढल्या, दोन फोडी रेणूला दिल्या आणि उरलेले संत्रे मुठीत धरून बसले. खाल्ले नाही.

त्या दिवशी ते इतवारीला जाऊन दुकानदाराला सांगून आले.

परतीचा रस्ता

परतताना उमरेड रस्त्यावर झाडे होती हे मी स्वतः पाहिले. जवळपास प्रत्येक झाड जवळून पाहिले. कारण थोडे अंतर गेले की मागून आवाज यायचा, ‘मामा, लागली.’ गाडी थांबायची. वर्षा उतरायची, जावई उतरायचे, मी उतरायचो आणि आम्ही तिघे रस्त्याच्या कडेला पाठ करून, पण कान देऊन उभे राहायचो. मग गाडीत बसलो की वर्षा पाण्याची बाटली पुढे करायची.

ड्रायव्हर वैतागला. ‘अजून किती डाव थांबाचं गा मास्तर? घरूनच करून निघाले असते.’

‘थांब बाप्पा,’ जावई म्हणाले, ‘आम्ही हेच पाहाले आलो होतो.’

घराच्या दारात आजीबाई उभ्या होत्या. नागपूरहून वर्षाने त्यांना फोनवर काय काय सांगितले ते मला माहीत नाही; विचारायची हिंमत नाही. आमच्याकडे दवाखान्यातून आलेल्या माणसावरून पाणी ओवाळून रस्त्यावर टाकल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. आजीबाईंच्या एका हातात त्यासाठी गडू होता. दुसऱ्या हातात पाण्याचा भरलेला पेला होता.

त्यांनी गडू तीनदा ओवाळला, रस्त्यावर ओतला. मग खाली बसल्या आणि पेला रेणूच्या तोंडाला लावला. थोडे पाणी फ्रॉकवर सांडले.

‘पे माय,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं पे.’